ठरावाला हात वर करण्याआधी

(रेडिओवरचं बोलणं, गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी)



आज नळाबद्दल बोलायचं आहे. गेल्या काही वर्षांत गावोगाव चर खणले गेले, पाइप आले, दारात नळ उभे राहिले. काही गावांत पाणी छान सुरू झालं. काही गावांत नळ आहे, पण तोटी फिरवली की नुसती हवा. काही ठिकाणी दिवाळीपर्यंत धार, होळीनंतर थेंब. आणि यातल्या प्रत्येक गावात एक दिवस येतो, किंवा येऊन गेला आहे. त्या दिवशी ग्रामसभेत ठराव मांडला जातो, ‘आमच्या गावात प्रत्येक घराला नळानं पाणी मिळतं.’ हात वर होतात, सह्या होतात, मोबाइलवर चित्रण होतं आणि गावाचं नाव ‘हर घर जल’ गावांच्या यादीत जातं.

साधारण त्याच सुमारास दुसराही एक ठराव येतो. तो असतो योजना ताब्यात घेण्याचा, म्हणजे हस्तांतरणाचा. काम पूर्ण झालं, ग्रामपंचायतीनं योजना स्वीकारली, आता पुढचं गावानं बघायचं, असा त्याचा अर्थ.

हे दोन ठराव आपण नीट समजून घेऊ. कारण हात वर केल्यानंतर नळाला पाणी आलं नाही, तर हंडा घेऊन कोण निघणार आहे? आपणच, नाहीतर आपली शाळेत जाणारी मुलगी.

योजना नेमकं काय देणार आहे?

योजनेचं नाव जल जीवन मिशन. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून तिची घोषणा केली. त्या वेळी देशातल्या खेड्यांमधल्या सुमारे १९ कोटी घरांपैकी फक्त ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता. म्हणजे सहा घरांतलं एक घर. २०२४ पर्यंत सगळ्या घरांना नळ द्यायचं ठरलं होतं. खूप घरं झाली, पण सगळी झाली नाहीत. म्हणून २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात योजनेची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा आणि निम्मा राज्याचा आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. योजनेच्या कागदात नुसतं ‘नळ’ म्हटलेलं नाही, ‘कार्यरत घरगुती नळजोडणी’ म्हटलं आहे. कार्यरत म्हणजे चालू. आणि नळ चालू आहे असं म्हणायला तीन अटी आहेत:

एक, पाणी पुरेसं हवं. माणशी रोज किमान ५५ लिटर.

दोन, पाणी पिण्यालायक हवं. भारतीय मानक १०५०० या प्रमाणात बसणारं.

तीन, पाणी नियमित हवं. ठरलेल्या वेळी आणि वर्षाचे बाराही महिने.

पुरेसं, शुद्ध, नियमित. हे तीन शब्द पाठ करून ठेवा. कोणी म्हणालं, ‘अहो ताई, नळ तर बसवला ना,’ तर या तीन शब्दांवर बोट ठेवायचं. तोटी बसवली की काम संपलं, असं योजनाच म्हणत नाही.

पाणी दारात येतं कसं?

कुठे बिघडलं ते कळायचं असेल, तर पाण्याची वाट माहीत हवी.

सुरुवात होते उद्भवापासून. उद्भव म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत: विहीर, बोअर, तलाव किंवा धरण. तिथे पंप बसवतात. पंपापासून टाकीपर्यंत जो मोठा पाइप चढत जातो, त्याला अभियंते ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. मग येते उंचावरची टाकी. टाकीतून पाणी आपल्या वजनानं खाली उतरतं आणि गल्लीगल्लीतल्या पाइपांमधून, म्हणजे वितरण वाहिनीतून, घरोघर जातं. मध्ये व्हॉल्व्ह असतात. पाणी सोडणारा कर्मचारी ते फिरवून आज या आळीला, उद्या त्या आळीला पाणी देतो.

यातलं एक जरी दुबळं असलं तरी नळ कोरडा. विहीर आटली की कोरडा. वीजबिल थकलं आणि पंपाची वीज तोडली की कोरडा. पाइप बारीक घातला, तर टाकीजवळच्या घराला धो धो आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा पगार थकला, तरीही तेच.

काही गावं मोठ्या प्रादेशिक योजनेवर आहेत. एका धरणातून अनेक गावांना पाणी जातं. तिथे उद्भव आणि मोठी वाहिनी आपल्या हातात नसते. पण गावातली टाकी, गावातले पाइप, पाणीपट्टी आणि पाण्याची तपासणी ही कामं तिथेही आपलीच आहेत.

पहिली तपासणी: पुरेसं आहे का?

याला यंत्र लागत नाही. एक हंडा आणि मोबाइलमधलं घड्याळ पुरे.

घरात पाच माणसं धरा. माणशी ५५ लिटर, म्हणजे रोजचे २७५ लिटर. तुमच्या हंड्यात १५ लिटर पाणी मावत असेल, तर साधारण १८ हंडे. हा आपला हक्काचा हिशेब.

आता नळाला पाणी किती वेळ येतं ते बघा. समजा, रोज एक तास येतं. एका तासात २७५ लिटर मिळायला मिनिटाला साडेचार लिटरहून थोडं जास्त पाणी यायला हवं. म्हणजे १५ लिटरचा हंडा सुमारे सव्वातीन मिनिटांत भरला पाहिजे. सहा-सात मिनिटं लागत असतील, तर तुमच्या घराला निम्मंच पाणी मिळतंय. आणि पाणी दिवसाआड येत असेल, तर एका पाळीत दोन दिवसांचं, म्हणजे ५५० लिटर मिळायला हवं.

ही मोजणी एकाच घरी करू नका. तीन ठिकाणी करा: टाकीजवळच्या घरी, गावाच्या मध्यावर आणि पाइप जिथे संपतो त्या शेवटच्या घरी. चढावरचं घर असेल तर तेही घ्या. गावाला पाणी पुरतं की नाही, ते शेवटच्या घरावरून ठरतं, सरपंचांच्या दारातल्या नळावरून नव्हे. वहीत तारीख, घर, वेळ आणि हंडा भरायला लागलेली मिनिटं लिहा. आठवडाभर लिहिलंत तर तुमच्या हातात असा पुरावा येतो, जो कोणी ‘बायकांची कुरकुर’ म्हणून झटकू शकत नाही.

आणखी एक. मोजताना गल्लीत कोणी नळाला टिल्लू पंप लावला आहे का ते बघा. एका घरानं मोटर लावून पाणी ओढलं की पुढच्या चार घरांची धार बारीक होते. अशा ठिकाणी दोष योजनेचा नाही, शेजाराचा आहे. तो ग्रामसभेतच सोडवावा लागतो.

दुसरी तपासणी: शुद्ध आहे का?

काचेच्या पेल्यात स्वच्छ दिसणारं पाणीही आजारी पाडू शकतं. पाण्यात दोन प्रकारची घाण असते. एक जंतूंची, तिच्यानं जुलाब, गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर होतो. दुसरी क्षारांची, ती जमिनीतूनच येते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडं कडक होऊन वाकतात. अकोला, अमरावती, बुलढाणा भागातला खारपाणपट्टा तर सगळ्यांना माहीत आहे. हे लक्षात ठेवा: पाणी उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. आणि भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड चालत नाही.

या योजनेत प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायचं आहे. त्यासाठी गावाला एक पेटी मिळते. तिला फील्ड टेस्टिंग किट किंवा नुसतं किट म्हणतात. तुमच्या गावात त्या पाच जणी कोण आहेत? आणि ती पेटी कुठे आहे? ग्रामपंचायतीच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच.

त्यातल्या दोन तपासण्या कोणालाही जमतात.

पहिली क्लोरीनची, तिला ओ.टी. टेस्ट म्हणतात. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं, तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही, तर टाकीत टीसीएल पावडर पडलीच नाही किंवा कमी पडली. ही तपासणी टाकीपाशी करून भागत नाही. ती शेवटच्या घराच्या नळावर करायची, कारण तिथपर्यंत जाताना क्लोरीन संपत जातो. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. पेटीत रंगाचा तक्ता असतो, त्याच्याशी रंग जुळवून बघा.

दुसरी जंतूंची. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळं पडलं, तर त्यात घाण मिसळली आहे. मग ते पाणी तसं प्यायचं नाही. आशाताईंना आणि ग्रामसेवकांना त्याच दिवशी कळवायचं आणि गळती शोधायला लावायची. वापरलेली बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पाइपात घाण शिरते कशी? आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. पाइपाला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर ते गटाराचं पाणी आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेत तेच आपल्या हंड्यात येतं. म्हणून गटारातून गेलेला पाइप, उघडा पडलेला व्हॉल्व्हचा खड्डा आणि जमिनीच्या खाली खड्ड्यात बसवलेली तोटी, ही तीन ठिकाणं गावभर फिरून शोधा. आपल्याकडे पाण्याची तोटी खाली असेल तर धार चांगली लागते, म्हणून लोक दारात खड्डा खणतात. त्या खड्ड्यात सांडपाणी साचलं की आजाराचं घरच झालं.

राज्यात दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे ठीक. तुमच्या ग्रामपंचायतीचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे ते विचारा. लाल असेल तर ते का, हेही विचारा.

तिसरी तपासणी: नियमित येणार का?

इथे बहुतेक योजना मरतात. यात दोन गोष्टी येतात, उन्हाळा आणि पैसा.

आधी उन्हाळा. विहिरीला पावसाळ्यात पाणी असतंच. खरी विहीर कळते एप्रिल-मेमध्ये. हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर धरलं, तर रोज ५५ हजार लिटर पाणी लागतं. मे महिन्यात उद्भवात तेवढं पाणी असतं का? त्याची क्षमता चाचणी कधी झाली? चाचणी ऑक्टोबरात झाली असेल, तर ती उन्हाळ्याबद्दल काही सांगत नाही. म्हणून हस्तांतरणाचा ठराव हिवाळ्यात आला, तर ‘एक उन्हाळा बघू, मग ताब्यात घेऊ,’ असं म्हणणं अगदी रास्त आहे.

उद्भवाला कायद्याचंही संरक्षण आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घ्यायला मनाई करणारा कायदा महाराष्ट्रात १९९३ मध्येच झाला. तरी गावाच्या विहिरीशेजारी बोअर पडतात आणि उसाला पाणी जातं. त्या वेळी बोलायला कोणी धजत नाही, कारण बोअर गावातल्याच माणसाचं असतं. एकट्या बाईनं बोलू नये, गटानं बोलावं, ते अशा वेळी.

जुनी विहीर आणि हापसा मात्र विसरू नका. नळ आला की विहिरीत कचरा पडायला सुरुवात होते. मग नळ बंद पडला की ना नळ, ना विहीर. विहिरीवर जाळी ठेवा, गाळ काढा, हापसा चालू ठेवा.

आता पैसा. योजना ताब्यात घेतली की वीजबिल, कर्मचाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर आणि दुरुस्ती हे सगळं ग्रामपंचायतीवर येतं. एक हिशेब मांडून बघू. आकडे मी समजायला घेतले आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला.

समजा, गावात ३०० घरं आहेत. महिन्याला वीजबिल १८ हजार, कर्मचाऱ्याचा पगार ९ हजार, पावडर आणि तपासणी १ हजार, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ५ हजार. एकूण ३३ हजार. ३०० घरांत वाटले, तर घराला महिना ११० रुपये, वर्षाला १,३२० रुपये. सगळ्यांनी भरले तर योजना चालते. पण २०० घरांनीच भरले, तर महिन्याला ११ हजारांची तूट पडते. चार-सहा महिन्यांत बिल थकतं, वीज तुटते आणि पाणी बंद होतं. ज्या २०० घरांनी पैसे भरले, त्यांचंही.

पाणीपट्टी जास्त वाटते ना? मग विकतच्या पाण्याशी तुलना करा. दिवसाआड २० रुपयांचा एक जार घेतला, तरी महिन्याला ३०० रुपये होतात, आणि तेवढ्यात फक्त प्यायचं भागतं.

पण पाणीपट्टी मागणाऱ्यानं हिशेबही दाखवला पाहिजे. महिन्याला किती जमा, किती खर्च, कोणाची किती बाकी, हे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागलं पाहिजे. बाकीदारांत मोठी नावं असतील, तर ती आधी दिसली पाहिजेत. विधवा, अपंग, अगदी हातावरचं पोट असलेलं घर यांच्यासाठी दर कमी ठेवायचा का, तेही ग्रामसभेनं मोकळेपणानं ठरवावं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीचा ठरावीक हिस्सा पिण्याच्या पाण्यासाठीच राखलेला आहे. तो आपल्या गावात कशावर खर्च झाला, हाही ग्रामसभेत विचारायचा प्रश्न आहे.

कोणाचं घर राहिलं?

‘प्रत्येक घराला’ असं ठरावात लिहिलेलं असतं. मग प्रत्येक घर म्हणजे कोणतं कोणतं? गावठाणातलं तर आहेच. पण वरची वाडी? पाडा? रस्त्यापलीकडची वस्ती? शेतात राहणारी चार घरं? दलित वस्तीत पाइप शेवटी गेला का, आणि तोही बारीकच का? घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून वेगळी चूल मांडलेल्या विधवा सुनेला जोडणी नाकारली का? शाळा आणि अंगणवाडी यांनाही या योजनेत नळ द्यायचा आहे. तिथे पाणी येतं का?

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखाच अधिकार आहे, हे त्यांनी कृतीनं दाखवलं. त्याला शंभर वर्षं होत आली. आता पाणी पाइपातून येतं, म्हणून भेदभाव पाइपाच्या जाडीत आणि व्हॉल्व्हच्या वेळेत लपू शकतो. हंडा-घड्याळाची मोजणी सगळ्या वस्त्यांत करा म्हणते, ती यासाठीच.

घरांची यादी बायकांनी स्वतः करावी. गटातल्या दोघी-दोघींनी एकेक आळी वाटून घेतली, तर एका दिवसात होते. ग्रामपंचायतीच्या यादीत जितकी घरं आहेत, तितकीच तुमच्या वहीत आहेत का ते ताडून बघा.

समितीतल्या ताई, तुमच्यासाठी

या योजनेसाठी गावात गाव पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आपण तिला पाणी समिती म्हणतो. योजनेच्या नियमाप्रमाणे तिच्यात निम्म्या महिला हव्यात आणि गावातल्या दुर्बल घटकांचे लोकही हवेत. गावात काय काम होणार, कुठे टाकी, कुठे पाइप, किती खर्च, हे सांगणारा गाव कृती आराखडा ग्रामसभेत मंजूर व्हायला हवा. गावातल्या कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा गावानं पैशात किंवा श्रमातून द्यायचा असतो. डोंगरी आणि वनक्षेत्रातल्या, किंवा निम्म्याहून जास्त वस्ती अनुसूचित जाती-जमातींची असलेल्या गावांत तो ५ टक्के आहे.

कागदावर निम्म्या बायका असतात. बैठकीचं रजिस्टर मात्र घरी सहीला येतं. ‘वहिनी, इथे जरा सही करा,’ एवढंच. मैत्रिणींनो, वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल, तर गटातली सातवी-आठवी शिकलेली मुलगी वाचून दाखवील. ‘उद्या देते, वाचून घेते,’ असं म्हणायला कोणाशी भांडावं लागत नाही.

कंत्राटदाराची घाई समजून घ्या. काम पूर्ण झाल्याचा आणि ताबा घेतल्याचा कागद मिळाला की त्याची सुटका जवळ येते. करारात दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. त्या काळात पाइप फुटला, टाकी गळाली, तर दुरुस्ती त्यानं करायची असते. तो कालावधी किती आहे आणि कोणत्या तारखेपासून मोजायचा, हे लेखी घ्या. पाइप गाडल्यावर तो कसला आणि किती खोल घातला, ते दिसत नाही. म्हणून काम चालू असतानाच अंदाजपत्रक मागून चराची खोली आणि पाइपाची जाडी बघावी. काम झालं असेल, तर त्रयस्थ तपासणीचा अहवाल मागावा.

आणि ठराव मांडलाच, तर काय करायचं? हात वर करणं किंवा गप्प बसणं, एवढेच दोन मार्ग नाहीत. तिसरा मार्ग आहे, अटी घालून ठराव. ‘वरच्या वाडीतली १२ घरं राहिली आहेत, शेवटच्या आळीत हंडा भरायला नऊ मिनिटं लागतात, गटाराजवळ दोन ठिकाणी गळती आहे. हे पूर्ण झाल्यावरच योजना ताब्यात घेऊ.’ असं इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. तिथे हे ठरवलंत, तर मोठ्या सभेत एकटीला उभं राहावं लागत नाही.

गावात दाद लागली नाही, तर तक्रार लेखी द्या. आधी ग्रामपंचायत, मग तालुक्याला गटविकास अधिकारी आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. कागद दाखवत नसतील, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या बैठकीसाठी कामं

हे बोलणं वाचून झालं की गटात ही सात कामं वाटून घ्या:

१. आळीनुसार घरांची यादी. नळ आहे का, पाणी येतं का, हे दोन वेगळे रकाने करा.

२. तीन घरांत आठवडाभर हंडा-घड्याळाची मोजणी.

३. किटची पेटी कुठे आहे आणि प्रशिक्षण घेतलेल्या पाच जणी कोण, याचा शोध.

४. शेवटच्या घरी क्लोरीनची तपासणी, आठवड्यातून एकदा.

५. गटारातले पाइप, उघडे व्हॉल्व्ह, दारातले खड्डे यांची गावफेरी.

६. वीजबिल, पाणीपट्टीची जमा आणि बाकी यांची ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी.

७. महिला सभेत हे सगळं मांडून ठरावाच्या अटी लिहून काढणं.

ज्या गावांत ठराव आधीच झाला आहे, त्यांनीही हीच कामं करावीत. ठराव झाला म्हणून विचारायचा हक्क संपत नाही. ज्या गावांत पाणी नीट येतं, त्यांनी पाणीपट्टी वेळेवर भरावी, सांडपाण्याला शोषखड्डा करावा, आणि शेजारच्या गावातल्या गटाला हे कसं जमवलं ते जाऊन सांगावं.

पुरेसं, शुद्ध, नियमित. शेवटच्या घराला. मेच्या उन्हातही. एवढं मिळालं की ठरावाला आपण दोन्ही हात वर करू.

नमस्कार.